कडुनिंबाच्या मुळाशी दूध

आमच्या तंजावरी घरात पत्रकाला नोटीस म्हणत. मी अक्षरं शिकले तीच वडिलांच्या नोटिशींवर. एक हुंड्याविरुद्ध, एक अंगारेधुपाऱ्यांविरुद्ध. कॉलेजात मी माझी स्वतःची लिहिली, ‘आईचं दूध हा बाळाचा हक्क’, आणि डब्यातल्या पावडरीला शिव्या घालत मद्रासच्या एका सरकारी इस्पितळाच्या फाटकाशी वाटली. तिच्यातला एक शब्दही मी आज मागे घेणार नाही.

काही महिन्यांनी माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं, चार दिवसांचं बाळ त्याच इस्पितळात दाखल झालं. नर्सबाईंनी मला ओळखलं.

“नोटीसवाली पोर ना तू? हा बघ तुझा हक्क.” त्यांनी पाळण्यावरची पाटी दाखवली. तोंडाने काही द्यायचं नाही. मग त्यांनाच वाईट वाटलं असावं. आपलं स्टूल त्यांनी अक्काला बसायला दिलं.

जन्मानंतर मिटायला हवी अशी हृदयाजवळची एक नळी बाळाची उघडीच राहिली होती. मी डॉक्टरांशी भांडले. दुखणं हृदयाचं, मग पोट उपाशी का?

“तुमच्या गल्लीत शेवटच्या घराला पाणी येतं?” त्यांनी विचारलं.

“शेवटचं घर आमचंच. नळ नुसता फुसफुसतो.”

“तसंच आहे हे. मेन पाइपला फट आहे. रक्त फुप्फुसाकडे निघून जातं, आतड्याला फार थोडं उरतं. अशा आतड्यात दूध गेलं तर ते कुजू शकतं.”

पाण्यासाठी मी महापालिकेविरुद्धही एक नोटीस काढली होती. या फटीसाठी कुणाच्या दारात जाऊन ओरडायचं, ते मला कळेना.

अक्काचं दूध थांबत नव्हतं. छाती दगड व्हायची. ती ओठ चावून वाटीत पिळायची.

“मोरीत ओतू नकोस गं,” ती म्हणाली. “मोरीत गेलं तर लेकरू उपाशी राहतं म्हणतात.”

लेकरू उपाशीच होतं. मी वाद घातला नाही. वाटी पदराखाली झाकून नेली आणि आवारातल्या कडुनिंबाच्या मुळाशी ओतली. मग रोजच नेत राहिले.

औषधांनी बाळ जरा सावरलं, तसे डॉक्टर म्हणाले, थोडं देऊन बघू. नर्सबाईंनी चोचीच्या वाटीतून काही थेंब सोडले. बाळानं जीभ बाहेर काढून ओठ चाटले.

“बापासारखाच हावरट,” अक्का म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी हसली.

संध्याकाळी त्याचं पोट फुगून चकाकायला लागलं. हिरवी उलटी झाली. दूध पुन्हा बंद. दोन दिवसांनी तो गेला.

अक्काचं सासर आमच्याच गल्लीत. घरी आल्यावर तिची सासू भिंतीकडे बघत म्हणाली, “आईचंच दूध बाधलं त्याला.”

“दूध नाही बाधलं, मामी,” मी उसळले. “रक्त पोचलं नाही. आपल्या नळासारखं.”

त्यांनी कनवटीचे पैसे काढून माझ्या हातावर ठेवले. म्हणाल्या, “जा, मोगरा घेऊन ये.”

दूध आटावं म्हणून आमच्याकडे बाळंतिणीच्या छातीवर मोगरा बांधतात. जॉर्ज टाउनच्या फूलबाजारात फुलवालीनं कोपरापासून बोटांपर्यंत माळ मोजत विचारलं, “घरात कार्य आहे का?” मी हो म्हटलं.

मामींनी अक्काच्या छातीवर फुलं पसरली आणि वरून जुन्या धोतराचा पट्टा गुंडाळायला घेतला. खोलीत लग्नघरासारखा वास सुटला. अक्कानं त्यांचे हात धरले.

“आज नको, अम्मा. हे आटलं की त्याचं काहीच उरणार नाही.”

मामींनी पट्टा सोडला. एकेक फूल वेचून बाजूला ठेवलं, स्वयंपाकघरातून वाटी आणली आणि अक्काचं होईपर्यंत पाठ फिरवून बसल्या.

रोजचं दूध मी कुठं ओतत होते ते त्यांना सांगितलं. तशा म्हणाल्या, “चल, ते झाड दाखव.”

इस्पितळापर्यंत आम्ही चालत गेलो. वाटेत मी दोनदा हात पुढे केला. वाटी त्यांनी माझ्याकडे दिली नाही.