बोटाची हाक

परवा बांगडे साफ करताना काटा बोटात रुतला. आज बोट लाल होऊन ठणकतंय. सुट्टीला आलेली, नर्सिंग शिकणारी लेक म्हणाली, "दुखावलेल्या पेशी केमोकाइन नावाची प्रथिनं सोडतात, आई. त्यांचा माग काढत रक्तातल्या पांढऱ्या पेशी बरोबर तिथे येतात. ही सूज म्हणजे त्यांचीच गर्दी."

एवढासा काटा, पण हाक मारायला बोटाला संकोच वाटला नाही. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं सगळं एकटीने करून माझी कंबर गेलीय. भेटायला येणारा प्रत्येकजण निघताना दारात म्हणतो, "काही लागलं तर सांगा हं." मीही "सांगते" म्हणते.

तेवढ्यात धाकट्या जावेचा फोन आला. "ताई, दोन दिवस येऊ का मदतीला?"

"अगं, कशाला उगाच? मस्त चाललंय," मी म्हटलं.

फोन ठेवला. बोट अजून हाका मारत होतं.