दिवेलागणीची सुई

धारमध्ये घड्याळं घरोघरी आहेत, पण कोणत्या कामाला कोणती वेळ हे फक्त आमच्या घरमालकीण आत्यासाहेबांनाच कळतं, असं मी म्हटलं तर कोणी माझ्याशी भांडायला येणार नाही. आलंच तर ते चुकीच्या वेळी येईल आणि आत्यासाहेब त्याला ओट्यावर बसवून ठेवतील. हे मी गमतीनं म्हणत नाही. त्यांचा सख्खा भाचा एकदा लग्नाची पत्रिका घेऊन भर दुपारी, म्हणजे त्यांच्या वामकुक्षीच्या वेळी आला. दार उघडलं नाही. बिचारा ओट्यावरच्या बाकावर वाट बघत बसला आणि उकाड्यानं तिथेच झोपला. आत्यासाहेब उठल्या, चूळ भरून बाहेर आल्या, त्याच्याकडे बघितलं आणि मला म्हणाल्या, "उठवू नकोस. आता त्याची वेळ आहे." त्या दिवशी भाच्याची शेवटची बस चुकली.

त्यांच्या घरात दोन घड्याळं होती. स्वयंपाकघरातलं दहा मिनिटं पुढे आणि देवघरातलं दहा मिनिटं मागे. मी विचारलं तर म्हणाल्या, "अन्नाला घाई असावी, देवाला नसावी." कोथिंबीर दहाच्या आत घ्यायची, नंतरची कोथिंबीर म्हणजे नुसतं गवत. भाजीवाला गल्लीच्या तोंडापासूनच ओरडत यायचा, "आत्याजी, दस नहीं बजे अभी, देख लो!" आणि त्या ओट्यावरून विचारायच्या, "भिया, किस की घड़ी में?" शनिवारी घरात लोखंड येत नसे. दिवेलागणीला मीठ, दही आणि सुई यांचं नावही काढायचं नाही. सुईचं मला चांगलंच आठवतं, कारण कॉलेजच्या वार्षिक कार्यक्रमाच्या दिवशी संध्याकाळी माझ्या कुर्त्याचा हूक तुटला आणि मी धावत खाली सुई मागायला गेले. देवापुढे नुकतीच समई लागली होती. आत्यासाहेबांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "तिन्हीसांजेला सुई? माझ्या सासूबाईंच्या काळापासून या घरात निघाली नाही. सकाळी ये." सकाळी कार्यक्रम नव्हता. मी सेफ्टी पिन लावून गेले आणि मंचावर माझं नाव पुकारलं तेव्हा पाठ भिंतीला लावूनच उभी राहिले.

मी देवासची. वडील खानदेशातून कारखान्यात नोकरीला आले, तेव्हापासून आम्ही देवासचेच. आमच्या घरात कॉलेजचं तोंड बघणारी मी पहिली, म्हणून धारला शिकायला आले तेव्हा आईनं खोली बघताना एकच विचारलं होतं, घरमालकीण मराठी आहे ना. आत्यासाहेब मराठी होत्या, आणि किती होत्या ते मला गणपतीत कळलं. त्यांनी माझ्या हातात आरतीचं पुस्तक दिलं. माझी सगळी शाळा हिंदीत झालेली. मराठी मी बोलायचे, पण छापलेलं मराठी म्हणजे मला खडीवरून हातगाडी ढकलल्यासारखं व्हायचं. सगळे टाळ्या वाजवत पुढच्या कडव्यावर गेले आणि मी मागच्याच जोडाक्षरात अडकले. मला वाटलं, आता खोली जाणार. आत्यासाहेब प्रसाद देताना एवढंच म्हणाल्या, "उद्यापासून चारला खाली येत जा."

तेव्हापासून चारची वेळ माझी झाली. ही गोष्ट किती मोठी होती ते नीट सांगता येईल की नाही, मला शंका आहे. वडिलांची वेळ शिफ्टची होती, आईचा वेळ लोकांच्या साड्यांना फॉल लावण्यात जायचा, शाळेत बाईंचा वेळ साठ जणींत वाटलेला असायचा. नुसती माझी म्हणून अशी वेळ मला कोणी दिली नव्हती. चार वाजता वेताची खुर्ची माझी, कान न तुटलेला निळा कप माझा, आणि जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा आमच्या दोघींचा. मी वाचायची, आत्यासाहेब चिवड्याचा डबा मांडीवर घेऊन ऐकायच्या. चुकलं तर डब्यावर टिचकी वाजायची. एक परिच्छेद नीट संपला की त्या डब्यातून मूठ भरायच्या, अर्धी त्यांची, अर्धी माझी. विरामचिन्हं मला शाळेत समजली नव्हती, ती मी चिवड्यावरून शिकले.

मग त्यांचे गुडघे बोलू लागले. आत्यासाहेब अंगानं भरदार होत्या. त्या जिना चढू लागल्या की आम्हा वरच्या खोल्यांतल्या मुलींना अभ्यासाला बसायला भरपूर अवधी मिळायचा. इंदूरच्या डॉक्टरांकडे मीच त्यांच्या सोबत गेले. डॉक्टर म्हणाले, गुडघ्यांचं पुढे बघू, आधी वजन उतरवू, आणि त्यांनी पेनासारखं दिसणारं इंजेक्शन लिहून दिलं. "हफ्ते में एक बार. दिन एक ही रखिए, टाइम कोई भी, जब आपको सुविधा हो." येताना बसमध्ये आत्यासाहेब घाटाबिल्लोदपर्यंत डॉक्टरांची चिठ्ठी उलटसुलट करत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "कोई भी! उद्या कोणी येऊन म्हणालं, लग्न लावून टाका, मुहूर्त कोई भी, तर तू देशील मुलगी?" मी नाही म्हटलं. "मग?" असं म्हणून त्यांनी पिशवीतल्या औषधाकडे अशा नजरेनं पाहिलं की मला त्याचीच दया आली.

वार ठरायला चार दिवस गेले. रविवारी जेवायला दालबाफले असतात, म्हणजे रविवार गेला. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार देवीचा. मंगळवारी चतुर्थी येऊ शकते. शनिवारी लोखंड. मी भीतभीत म्हटलं की सुई स्टीलची असते, तर म्हणाल्या, "शनीला फसवतेस?" उरला बुधवार. आमच्या माळव्यात बुधवार गणपतीचा असतो हे मी सांगितलं, त्यावर त्या म्हणाल्या, "तो समजून घेईल. त्याचंही पोट मोठं आहे."

वार मिळाला, पण वेळ मिळेना. पहिल्या बुधवारी सकाळी घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांची बशी समोर आली, वर शेव, जिरावणाचा मसाला, सगळं जागच्या जागी, आणि आत्यासाहेबांनी ती दूर सारली. "मळमळतंय हे मी सहन करीन," त्या म्हणाल्या, "पण सकाळच्या वेळी पोह्यांचा अपमान माझ्या हातून व्हायला नको." डॉक्टरांना फोन करून विचारलं तर ते म्हणाले की वेळेचा काही संबंध नाही, सुरुवातीला होतं असं. त्यांना इतकी साधी गोष्ट कळत नाही याचं आत्यासाहेबांना वाईट वाटलं. पुढच्या खेपेला दुपारी घेतलं, तर वामकुक्षीचं खोबरं झालं. रात्री नको, कारण रात्री काही वाटलं तर कोणाला उठवणार? दिवेलागणीचा प्रश्नच नव्हता, सुई होती ना ती. हे सगळं जाऊन दिवसात एकच स्वच्छ, निर्दोष वेळ उरली. चार.

इंजेक्शन द्यायला माझ्या शेजारच्या खोलीतली मुलगी यायची. ती नर्सिंग शिकत होती आणि धरमपुरीची होती, म्हणून आत्यासाहेब तिला "धरमपुरी" म्हणत, जसं मला "देवास" म्हणत. तिचा हात खरंच हलका होता. हे मला मान्य करावं लागतं, आणि तेव्हाही मान्य करताना त्रास व्हायचा. बुधवारी चारला मी अंक घेऊन खाली जायची, तर वेताच्या खुर्चीवर ती बसलेली, पांढरा कोट घालून. आत्यासाहेब डोळे मिटून पदर सावरून बसायच्या. "हो गया आत्याजी." "झालं? कळलंसुद्धा नाही ग! हातात धन्वंतरी आहे हिच्या." मग चहा व्हायचा. निळ्या कपातून. मी दारात उभी राहून अंकाची पानं उलटायची, जशी काही मी तेवढ्यासाठीच आले होते.

तो एक बुधवार असता तर मी सोसलं असतं. पण गुरुवारी मळमळ, म्हणजे वाचन नाही. शुक्रवारी वाचन व्हायचं, पण मध्येच त्या विचारायच्या, "धरमपुरी आली का ग कॉलेजातून? तिला विचारायचं होतं, ढेकर येतात ते त्याचेच का?" आणि चिवड्याचा डबा तर मांडीवर यायचाच बंद झाला. परिच्छेद संपायचा आणि काहीच व्हायचं नाही. मला त्या मुलीचा हेवा वाटायचा, तिच्या कोटाचा वाटायचा, आणि लिहायला संकोच वाटतो, पण मला त्या इंजेक्शनचाही हेवा वाटायचा. त्याला फ्रिजमध्ये लोण्याशेजारी जागा, त्याच्यासाठी इंदूरला फोन, त्याच्या वेळेसाठी आठही प्रहरांचा विचार. आत्यासाहेब जिन्याच्या पाच पायऱ्या न थांबता चढू लागल्या तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं. मीही केलं. पण मनात आलं की हे श्रेयही त्यालाच जाणार.

शेवटी एका बुधवारी मी ठरवलं की आपण जायचंच नाही. वर खोलीत इतिहासाचं पुस्तक उघडून बसले. चार वाजले. खालून हाक आली, "देवास! चार झाले." मी ओ दिली नाही. दुसरी हाक आली नाही. त्याऐवजी जिन्यावर पावलं वाजू लागली, सावकाश, एकेक. मी घाबरून बाहेर आले. आत्यासाहेब अर्ध्या जिन्यात कठड्याला धरून उभ्या होत्या. "तब्येत बरी नाही?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "बरी आहे. आज बुधवार आहे ना." "मग? बुधवारी मराठी वाचत नाहीत?" मी खाली गेले. वेताची खुर्ची रिकामी होती. टेबलावर पेन नव्हतं, कापूस नव्हता, फक्त अंक होता, आमची खूण घातलेला. मी विचारलं, "आणि इंजेक्शन?" "ते मी आणि सुई बघून घेऊ. तू वाच."

मी वाचलं, पण सारखं वाटत होतं की यांनी औषध सोडलं, आता गुडघे पुन्हा दुखणार, आणि माझ्या हेव्याचीच त्याला दृष्ट लागली की काय. संध्याकाळी दोरीवरचे कपडे काढायला मी मागच्या अंगणात गेले. देवघराची खिडकी उघडी होती. समई लागली होती. आणि समईच्या उजेडात आत्यासाहेब डोळे मिटून पाटावर बसल्या होत्या, आणि धरमपुरी पेनावर सुई बसवत होती. तिन्हीसांजेला. मी तिथेच उभी राहिले. आत्यासाहेबांनी देवीकडे बघून हात जोडले, पुटपुटत काहीतरी सांगितलं, कान पकडले, आणि मग म्हणाल्या, "हं, दे."

जिन्यात धरमपुरी मला आडवी आली. ती रागावलेली होती. "यार, तेरे चक्कर में आज मेरी मेस की पहली पंगत छूट गई. अब हर बुधवार ठंडी रोटी खानी पड़ेगी."

"मेरे चक्कर में?"

"और किस के? मैंने कहा, आत्याजी, चार बजे अच्छा-भला चल रहा था. तो बोलीं, वह लड़की दरवाज़े में खड़ी रहती है. चारची वेळ तिला दिलेली आहे, दिलेली वेळ परत घेत नसतात." एवढं मात्र तिनं मराठीत म्हटलं, आत्यासाहेबांच्या आवाजात. "मैंने कहा, पर शाम को तो सुई नहीं चलती ना? बोलीं, देवी को मैं समझा दूँगी." मग ती दोन पायऱ्या वर गेली आणि वळून म्हणाली, "मैं हर हफ्ते पेट में सुई लगाती हूँ उनके. मेरे लिए तो उन्होंने आज तक हरे धनिये का टाइम नहीं बदला."

तिचा चेहरा बघून मला कळलं की दारात उभी राहणारी मी एकटी नव्हते. त्या रात्री मी तिला माझ्या डब्यातलं लोणचं दिलं. तिनं ते गार पोळीबरोबर खाल्लं, आणि माझ्याशी ती पुढचे दोन दिवस तरी नीट बोलली नाही.

आता मी देवासला परत आले आहे. देवीच्या टेकरीच्या अलीकडच्या एका लहान शाळेत शिकवते. आत्यासाहेब पुष्कळ उतरल्या आहेत. फोनवर सांगत होत्या की जिना चढून गच्चीवर गेल्या आणि जुन्या बांगड्या मनगटावरून घसरतात. माझ्या खोलीत आता तिरला गावची मुलगी राहते, तिचंही मराठी माझ्यासारखंच बोलण्यापुरतं आहे, आणि तिलाही त्या, चिवड्याचा डबा पुन्हा मांडीवर घेऊन, वाचायला बसवतात. हे ऐकून मला आनंद झाला असं मी म्हणाले. मग विचारलंच, "तिला कोणती वेळ दिलीत?"

"सकाळची. न्याहारीनंतरची."

"आणि चारला?"

"चारला कशी देऊ?" त्या म्हणाल्या. "ती दिलेली आहे."

चारला इथे माझा शेवटचा तास असतो. मुलं गोंगाट करतात, घंटेकडे कान लावून बसतात. मी त्यांना धड्यातला एक परिच्छेद मोठ्यानं वाचून दाखवते, आणि तो संपला की पुढचा सुरू करण्याआधी जरा थांबते. का थांबते ते मुलांना ठाऊक नाही. धारच्या त्या डब्यात आता मूठ लहान जाते, पण मी थांबते पूर्वीच्या मुठीएवढी.