गाडीतली ऊब

कुवेतात थंडी पडते हे आमच्या रत्नागिरीकडे कुणाला सांगून पटत नसे. वाळवंट म्हणजे भट्टी, संपलं! बायको पहिल्यांदाच बोटीने येणार होती, तीही सुती साड्याच बांधून घेणार हे मला ठाऊक होतं. "हिवाळाभर राहून बघते, जीव रमला तर थांबते," असा तिचा निरोप. मला ती कायमची हवी होती. लग्न झाल्यापासून आमचा संसार म्हणजे माझी एक सुट्टी.

बंदरावरून तिला आणायला मी, जिथे मेकॅनिक होतो त्या गॅरेजच्या मालकाकडे ती दोन सीटांची विलायती स्पोर्ट्स गाडी मागितली. मायदेशी परतणारा कुणी साहेब ती विकून गेला होता. मालक म्हणाला, ने. पण टप कापडाचा, दारांच्या फटींतून वारा, आणि हिटर बंद. पहिल्याच दिवशी तिला कुडकुडत आणू? छे!

बटण फिरवलं तर पंखा चालू, पण वारा गारढोण. इंजिन चांगलं तापलेलं, तरी हिटरकडे जाणारे पाइप थंडच. म्हणजे गरम पाणी हिटरच्या नळातच अडलेलं. नळ खोलला, आत क्षाराचा दगड. रेडिएटरमध्ये कुणा शहाण्याने विहिरीचं खारं पाणी ओतलेलं! तारेने कोरकोरून नळ मोकळा केला. पाइप तापले, तरी आत गारच. मग मात्र माझं डोकं फिरलं. डॅशबोर्डखाली उताणा शिरलो. बटण ओढलं की गरम हवा आत सोडणाऱ्या झडपेची तार सरकायची, पण तिला धरणारी क्लिप तुटलेली, म्हणून तारेवरचं वेष्टणही सोबत सरकायचं आणि झडप जागची हलायची नाही. पत्र्याची क्लिप वाकवून बसवली, बटण ओढलं, आणि तोंडावर गरम वारा आला.

"उस्ताद, ऊब आ गयी!" मी ओरडलो.

आमचा उस्ताद लखनौचा. "ऊब गये तो घर जाओ, मियाँ," तो म्हणाला आणि सगळं गॅरेज हसलं. त्यांच्या बोलीत ऊब म्हणजे कंटाळा, हे मला तेव्हा कळलं. आपलं हिंदी हे असं.

बोटीवरून ती उतरली ती पदर घट्ट गुंडाळून, ओठ निळे. गाडीत बसल्यावर पाय वर घेऊन म्हणाली, "अहो, खालून गरम काय लागतंय?" मी ऐटीत सांगितलं, मी केलंय. तिने चपला काढल्या, तळवे तिथे धरले आणि हसली. मी समुद्राकडून लांबचा रस्ता घेतला.

"गाडी आपली का हो?"

"मालकाची."

"मग उद्या?" तिने विचारलं.

उद्यापासून होती ती एक खोली. मी दिवसभर गॅरेजात, खिडकीबाहेर वाळू, बोलायला चिटपाखरू नाही. रॉकेलची शेगडी आणली, तिच्यासाठी सुकट मिळवली, शुक्रवारी फिरायला नेलं. ती कधी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. थंडी ओसरली तशी तिने ट्रंक भरली.

बंदरावरून पायीच गॅरेजात आलो. उस्तादाने माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी तो चेष्टेत नव्हता. हळूच विचारलं, "क्यों मियाँ, ऊब गयी?"

"हां उस्ताद," मी म्हटलं, "ऊब गयी." त्याला वाटलं, मी हिंदीत बोलतोय.