उभी मावशी

चुडाव्याच्या स्टेशनामागे आमचं क्वार्टर होतं. तिथे तीन वर्षं रोज सकाळी शेळीचं दूध घालायला येणारी ती बाई एकदाही खाली बसली नाही. मी पाट सरकवायची, ती तो पायाने बाजूला करायची. चहा दिला तर उभ्यानेच बशीत ओतून पिणार, भाकरी दिली तर दाराच्या चौकटीला टेकून खाणार, आणि तेवढ्यातही नजर अंगणभर फिरती. माझ्या थोरल्याने, वसूने, तिचं नाव ठेवलं उभी मावशी. तिच्या कमरेला लुगड्याच्या गाठीत एक पितळी घंटी बांधलेली असे. मावशी इतकी लगबगीने चालायची, पण ती घंटी कधी वाजली नाही. वसूने एकदा कारण विचारलं तर म्हणाली, "तिला काम न्हाई सध्या." मला वाटलं, मोडकी असेल.

मेंढरा-शेळ्यांचं घर होतं तिचं. नवरा आणि दीर कळप घेऊन रानोमाळ असत, ती गावाकडच्या शेळ्या सांभाळून मोलमजुरीलाही जाई. मी परभणीच्या भरवस्तीत वाढलेली. हे स्टेशनात तारबाबू. एकविसाव्या वर्षी पदरात दोन मुलगे, वसू चार वर्षांचा आणि बाळू दोनचा, आणि दारापासून चाळीस पावलांवर रेल्वेची लाइन. निजामाचं संस्थान जाऊन चारपाच वर्षं झाली होती. सगळे म्हणायचे, आता निवांत झालं. माझ्या जिवाला मात्र निवांतपणा नव्हता. भाकरी थापताना दर दोन मिनिटांनी उठून दारात जायची. भाकरी करपायची, पोरं ओरडा खायची, आणि हे जेवायला बसले की मीच रडायची.

माझी ही तारांबळ आठ दिवस बघून मावशी एका सकाळी दोन घंट्या घेऊन आली. मेंढरांच्या गळ्यातल्या. भरड आवाजाची वसूच्या पायात बांधली, बारीक आवाजाची बाळूच्या. "आता उठबस बंद कर. घंटी वाजायली तर भाकरी थाप. वाजायची थांबली की तवा खाली ठिव आन् पळ." यांना ते मुळीच रुचलं नाही. "माझी पोरं आहेत की शेरडं?" म्हणून दोन दिवस धुसफुसले. तिसऱ्या दिवशी न करपलेली भाकरी पानात पडली तेव्हा गप्प बसले.

मग तिच्या शिकवण्या सुरूच झाल्या. शिकवायची तीही उभ्याने, रागावून, निम्मं वाक्य अंगणात जाऊन पुरं करत. आंघोळीला बाळू घर डोक्यावर घ्यायचा. तिने तांब्या माझ्या हातातून काढून घेतला. "डोस्क्यावर पाणी वततीस, मंग लेकरू भ्यायचं न्हाई तर काय? आदी पाय भिजीव, मंग पोट, डोस्कं सगळ्यात शेवटी." बाळू चक्क हसला. त्याच्या हातात विळी सापडली आणि मी ओरडत धावले, तर तिने मलाच अडवलं. आपल्या ओटीतली शेंग त्याच्यापुढे धरली, त्याने विळी टाकून शेंग घेतली. चूल पेटवायच्या आधी दोघांच्या हातात भाकरीचा तुकडा द्यायचा, हीसुद्धा तिचीच ताकीद. भुकेलं पोर चुलीकडेच येतं. माझ्या सुनांना मी या गोष्टी सांगितल्या, आता नातसुनेला सांगते. ती मान डोलावते आणि मोबाइल पाहते. पण पाणी पायावर आधी ओतते, हे मी बघितलं आहे.

एकदाच ती मला घालूनपाडून बोलली. बाळू रात्रंदिवस किरकिर करत होता. गावातल्या एका जाणत्या बाईने मला अफूची बारीकशी गोळी आणून दिली. म्हणाली, सगळ्याच देतात, पोर दुपारभर गुमान निजतं, तुझी कामं उरकतील. मी थकून गेले होते. खरं सांगते, गोळी दुधात उगाळायला घेतली होती. मावशीने वाटी उचलून सरळ उकिरड्यावर भिरकावली. "निजलेलं लेकरू येगळं आन् निजवलेलं येगळं. गप लेकराची तुला फिकीर न्हाई वाटत? मला लय वाटते." मलाही राग आला. एवढ्याशा गोष्टीसाठी माझी चांगली वाटी चेपवली, असं मी यांच्याजवळ पुटपुटलेही. पण गोळी पुन्हा घरात आली नाही.

पुढच्या वर्षी मला दिवस गेले होते तेव्हाची गोष्ट. मावशीच्या शेळीबरोबर तिचं महिन्याचं करडू यायचं आणि पोरं त्याच्यामागे अंगणभर धावायची. त्या सकाळी मी परातीत पीठ मळत होते. बाहेर दोन्ही घंट्या वाजत होत्या, भरड आणि बारीक. मी अगदी स्वस्थ होते. कितीतरी महिन्यांनी ओव्या गुणगुणत होते. मावशी दारात उभी राहून कुणाच्या तरी लग्नाचं सांगत होती. बोलता बोलता ती थांबली.

"वसूची घंटी अशी काऊन वाजायलीय?"

"खेळतोय तो," मी म्हणाले.

"दोन पायाची चाल न्हाई ही. चार पायाची हाय."

मला काही उमगायच्या आत ती निघाली. चपला दारातच राहिल्या. मी पिठाच्या हातांनी बाहेर आले. अंगणात बाळू होता आणि करडू होतं, आणि वसूची घंटी करडाच्या गळ्यात होती. वसूला ते करडू फार आवडायचं, आपली घंटी त्याने त्याला देऊन टाकली होती. वसू नव्हता. मावशी लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून लाइनीच्या कडेने सिग्नलकडे पळत होती, आणि त्याच्याही पलीकडे, दोन रुळांच्या मधोमध बसून, माझा वसू खडीचे दगड रचत होता. पूर्णेकडून मालगाडीची शिट्टी आली. मी बाळूला पोटाशी धरलं. मावशीने वसूला दंडाला धरून उचललं आणि खाली उतारावर झोकून दिलं, स्वतःही त्याच्यावर पडली. मग मध्ये मालगाडी आली. डबे संपता संपेनात.

शेवटचा डबा गेला तेव्हा वसू मोठमोठ्याने रडत होता आणि मावशी उभी होती. तिची कोपरं सोलवटली होती. मी तिच्या पायांवर पडले तर मलाच हिसका देऊन उठवलं. "आवाज आला मनून निवांत बसलीस. कुणाचा आवाज, ते नको का ऐकायला?" घरी येऊन तिने वसूचे पाय धुतले, घंटी बांधली आणि करडाच्या गळ्यात काही नाही ना हे दोनदा चाचपून पाहिलं. बसली मात्र नाही. त्या दिवसापासून मी घरातले आवाज मोजत असते. पोरं मोठी झाली, पांगली, तरी शेजारच्या खोलीतलं नातवंड गप्प झालं की या वयातही मी उठते. सगळे हसतात. हसू देत.

आमची बदली झाली तेव्हा धाकटी शकू रांगायला लागली होती. सामान फलाटावर होतं, शकू सतरंजीवरून निसटून सारखी कडेकडे जात होती, आणि मी तिला ओढून आणता आणता बेजार झाले होते. मावशी आली. हातात काही नव्हतं. शकूकडे जरा वेळ बघत राहिली आणि मग कमरेची ती मुकी घंटी सोडली. लुगड्याला टोचलेला बाभळीचा काटा काढून आतलं काहीतरी कोरायला लागली. वाळलेल्या गवताचा बोळा होता.

"धामधुमीच्या साली गावावर माणसं चालून यायलीत, असं कळलं," ती काटा चालवत म्हणाली. "आमी मेंढरं घेऊन ज्वारीत दडलो. आवाज होऊ नये मनून समद्या घंट्यांत गवत कोंबलं. माझ्या लेकाच्या, नामाच्याबी. तीन वर्साचा व्हता. उन्हाचं मी वाईच बसले. डोळा लागला."

मी शकूला ओढून मांडीवर घेतलं. ती म्हणाली, "पान्याची हीर जवळच व्हती. वाजलीच न्हाई ना घंटी."

बोळा निघाला. तिने घंटी एकदा हलवून पाहिली आणि शकूच्या पायात बांधली. शकू रांगत निघाली, घंटी वाजायला लागली. मावशीने इकडे तिकडे बघितलं आणि आमच्या ट्रंकेवर टेकली. नुसती टेकली नाही, चांगली पाय पसरून बसली, डोळे मिटून.

गाडी फलाटाला लागली तरी ती उठेना. शेवटी ट्रंक चढवायची म्हणून तिला मलाच उठवावं लागलं.