शिगेनोआजीच्या मुलाचं लग्न

आमच्या गावात संत्र्यांच्या बागा थेट समुद्रापर्यंत उतरतात. त्या उतारावर शिगेनोआजी एकशे अकराव्या वर्षीही गुडघ्यांवर बसून गवत उपटायची. जेवताना दोन घास कमी खायचे, संध्याकाळी घोटभर साके घ्यायची आणि टीव्हीवर सुमो लागलं की पैलवानांना शिव्या घालायच्या, हा तिचा नेम. घरात दुसरा माणूस म्हणजे तिचा मुलगा, तोकुजीकाका. वय सत्याऐंशी. बायको गेल्यापासून तो कुणाशी फारसा बोलत नसे.

गावात म्हाताऱ्यांसाठी एक केंद्र आहे. खेळ, गाणी, दुपारचं जेवण. तिथली गाडी मी चालवते. काका यायचा. आजीला विचारलं की ती म्हणायची, "छे गं! म्हाताऱ्यांत बसून मी काय करू?"

एका सकाळी बघते तर काका दाढी घोटून, केसांना तेल लावून तयार. आजीने मला बाजूला घेतलं. "सायो, तिथे ह्याच्या शेजारी कोण बसतं गं?"

"मित्सुएबाई. शाळेत शिवण शिकवायच्या. एकट्याच असतात."

"थांब, मीपण येते."

काकाचा चेहरा पडला. "आई, तू कशाला?"

"का? मी म्हातारी नाही?"

केंद्रात आजी थेट मित्सुएबाईंसमोर जाऊन बसली आणि तिने डबा उघडला. आत तिच्या हातचा खारवलेला मुळा. "खाऊन बघ." त्या मुळ्याला नावं ठेवायची गावात कुणाची छाती नव्हती. मित्सुएबाईंनी एक फोड चावली, वर पाणी प्यायल्या.

"खारट झालाय हो, आजी."

आजी अशी हसली, की कवळी हाताने धरावी लागली. "अगं, इतकी वर्षं सगळे नुसतं 'छान, छान' करतायत! माझ्या मुलाशी लग्न करशील?"

काकाचा चहा मांडीवर सांडला. मित्सुएबाई लाजल्या, पण मान काही खाली घातली नाही. "त्यांनी कुठे विचारलंय?"

"त्याला वेळ लागतो. चालायलासुद्धा उशिराच लागला."

"आई, मी सत्याऐंशीचा आहे!"

"म्हणूनच म्हणते, आटप. मी काय तुला जन्मभर पुरणार आहे?"

मग काकाने विचारलं, ओल्या कपड्यांतच, पुटपुटत. मित्सुएबाई म्हणाल्या, "मोठ्याने बोला, मला कमी ऐकू येतं." दुसऱ्यांदा सगळ्या केंद्राने ऐकलं आणि टाळ्या पडल्या.

संत्री फुलली तेव्हा लग्न झालं. बागेतच पंगत बसली, तांबड्या माशाचा भात झाला. लग्नानंतर नवरानवरी डोंगरापलीकडच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर निघाली. आजीही गाडीत येऊन बसली. "मला गरम पाणी आवडतं," म्हणाली. कोण नाही म्हणणार?

बायकांच्या बाजूला सासूसुना एकमेकींची पाठ चोळत काय काय बोलत होत्या आणि खिदळत होत्या. भिंतीपलीकडे पुरुषांच्या कुंडात काका एकटाच.

"आई! माझ्याबद्दल काय सांगतेयस तिला?"

"सगळं!" आजी ओरडली.