कोरी चौकट

"हाय बाबा आजून," असं म्हणत मामा संगणकावर स्वतःच्याच नावापुढं 'हयात: होय' भरायचे. दर जानेवारीत, कामाच्या पहिल्या दिवशी, सगळ्यांत आधी. मग चहा.

सोलापुरातल्या एका धर्मादाय कॅन्सर रुग्णालयात ते रेकॉर्ड सांभाळायचे; तिथं सगळेच त्यांना मामा म्हणायचे. तरुणपणी तिथंच उपचार घेऊन बरे झाले आणि तिथंच नोकरीला चिकटले. बऱ्या झालेल्यांना वर्षाच्या तपासणीला पत्र धाडून बोलवायचं, हे त्यांचं काम. 'हयात'ची चौकट नव्या वर्षी कोरी व्हायची. माणूस आहे असं कळलं की 'होय', गेला असं कळलं की 'नाही', काहीच कळलं नाही तर कोरीच. 'नाही'वाले सोडून सगळ्यांना पत्र जायचं. "ठावं न्हाय ते लिवायचं न्हाय," हा मामांचा नियम. अशी चिवट माणसं तुम्हीही कचेऱ्यांतून पाहिली असतील. आपण त्यांच्यावर वैतागतो.

मीही वैतागलो. रुग्णालयानं संगणकाच्या कामाला मला बोलावलं होतं. त्यांचा सगळा डेटा मी नव्या सर्व्हरवर हलवला आणि दुसऱ्याच दिवशी मामांचा फोन आला. नोंदी उघडत होत्या, पण दुरुस्त होत नव्हत्या. 'ही नोंद दुसऱ्या कुणीतरी बदलली आहे' असा संदेश यायचा. मी गेलो तेव्हा मामा खोलीत एकटेच होते आणि खुर्चीमागं वळून बघत होते.

"सायेब, हितं दुसरं कोण हाय वो?"

दोन दिवस डोकं खाजवल्यावर चूक सापडली, ती कोऱ्या चौकटींत. सर्व्हरमध्ये चौकट कोरी असायची, पडद्यावरचा फॉर्म तिला 'नाही' समजायचा. दोन्ही जुळेनात, म्हणून कुणीतरी बदल केला असं यंत्राला वाटायचं.

"कोऱ्या आहेत त्या सगळ्या 'नाही' करून टाकू," मी म्हणालो.

मामांनी डबा उघडला होता. शेंगाचटणीला लावलेलं बोट तसंच राहिलं. "येवढी मानसं येका फटक्यात मारता व्हय?"

"मामा, नुसती चौकट आहे ती."

"न्हाय लिवलं की पत्र जात न्हाय, सायेब. मानूस तिकडं वाट बघतंय की."

खरं सांगतो, 'माहीत नाही' असा तिसरा पर्याय करता आला असता. तीन-चार दिवसांचं काम होतं. पण मला पुण्याचं दुसरं काम गाठायचं होतं, म्हणून जमणार नाही म्हणालो. मामांनी आठ दिवस मागून घेतले आणि वैराग, मंद्रूप, कुठंकुठं फोन लावत बसले. एकेक माणूस सापडला की मला कळवायचे, मी थेट सर्व्हरवर 'होय' भरायचो. जे सापडले नाहीत, ते माझ्या एका ओळीनं 'नाही' झाले. पुन्हा तक्रार नको म्हणून मी आणखी एक नियम घातला: नोंद जतन करताना चौकट कोरी असेल तर आपोआप 'नाही'. हा नियम मामांना मी सांगितला नाही. रुग्णालयाच्या मोठ्या साहेबांनी माझं कौतुक केलं. मामा त्या दिवशी माझ्याबरोबर चहाला आले नाहीत.

त्याच डिसेंबरात ते निवृत्त होऊन केमला, आपल्या गावी गेले.

परवा दुसऱ्या कामासाठी रुग्णालयात गेलो होतो. सहज त्यांचं नाव काढून पाहिलं. 'हयात: नाही.' त्यांच्या जागी आलेल्या बाईंना विचारलं.

"गेले का ते? मला नाही माहीत," त्या म्हणाल्या. "जानेवारीत त्यांचं कार्ड आलं होतं, पत्र आता केमला पाठवा म्हणून. मी फक्त पत्ता बदलला."

पत्ता बदलून त्यांनी नोंद जतन केली होती. बाकीचं काम माझ्या नियमानं केलं.

केमला फोन लावला. मामी बोलल्या. "दुखनं परत उलटलं. मी म्हनायची, सोलापूरला जाऊन दावा. तर म्हनायचे, पत्ता कळवलाय, पत्र आल्याबिगर कसं जायाचं. रोज पोस्टमनला इचारायचे." मामांना जाऊन दोन महिने झाले होते.

फोन ठेवून मी त्यांची नोंद पुन्हा उघडली. पत्ता बरोबर होता. चौकटही आता बरोबर होती. दुरुस्त करण्यासारखं त्यात काहीच उरलं नव्हतं.