दाबाची नथ

"धुतलं का हात?" मावशींनी असं दारातूनच विचारलं की समजावं, घरात कुणाचा तरी कान नुकताच टोचलाय. भाजे गावात त्या आमच्या शेजारी राहायच्या. शनिवार-रविवारी लेणी बघायला आलेल्यांना पिठलं-भाकरी करून घालायच्या आणि उरलेला आठवडा गावातले कान सांभाळायच्या.

चाळिशी उलटल्यावर मला लोणावळ्याच्या पार्लरात कानाच्या वरच्या कडेला टोचून घ्यायची हुक्की आली. कान इतका फुगला, की आमचे हे मला त्या बाजूने ओळखेनात. मी हळद-तेलाची वाटी घेऊन बसले, तर मावशींनी ती उचलून नेली.

"फोडणी घालतीस व्हय कानाला? उकळून गार केल्यालं मीठपाणी घे. फडकं सोच्छ पायजे. बाळी फिरवायची न्हाई, काढायची बी न्हाई. ताप आला तर डागदर."

"आणि खाजलं तर?"

"मला हाक मार. शिव्या देते, खाज जाती."

कान वाचला.

मावशींचं स्वतःचं नाक मात्र कोरं. लहानपणी टोचलेलं पिकून बुजलं होतं. सणासुदीला त्या दाबाची नथ लावायच्या आणि ती हमखास आमटीत पडायची. एकुलत्या लेकीचं लग्न ठरलं तशा म्हणाल्या, "आता टोचूनच घालनार. लेकीच्या लग्नात नाक दाबून उभी ऱ्हाऊ व्हय?"

टोचलं. आणि साऱ्या गावाचे हात आवरणारी ही बाई स्वतःचं बोट आवरू शकेना. खिडकीची काच, ताटाचा तळ, माझा चष्मा, दिसेल त्यात नाक बघायच्या, चमकी चाचपायच्या. मी हात धरला की लाजायच्या.

"लय गोड दिसतंय गं. ऱ्हावत न्हाई."

नाक पिकलं. अंगात साखर आहे, हे तेव्हाच कळलं. औषधं झाली, पण जखम भरेना. शेवटी डॉक्टरांनीच चमकी काढली. परत येताना रिक्षाच्या आरशात मावशींनी एकदाही पाहिलं नाही. लग्नात पुन्हा दाबाचीच नथ. लेकीची पाठवणी करताना तीही गळून पडली.

साखरेनं पुढे किडन्या धरल्या. गेल्या हिवाळ्यात मावशी गेल्या. सवाष्ण गेलेली, म्हणून बायकांनी हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. कुणीतरी दाबाची नथ पुढे केली.

लेक म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. आईला नको वाटायची ती."

मी ओल्या फडक्यानं त्यांचा चेहरा पुसत होते. नाकपुडीवर बुजलेल्या भोकाची तिळाएवढी खूण होती. तिथं आल्यावर माझा हात आपोआप हलका झाला.